कोलकात्याच्या ट्रामचा डबा मौद्याच्या वावरात ठेवायचा आहे, जागा-शेड-वाहतुकीबद्दल सल्ला हवा

धानवाला_मौदा

नमस्कार मंडळी.

कोलकात्याजवळ एका भंगार व्यापाऱ्याच्या यार्डात ट्रामचा पुढचा डबा उभा आहे. लॉटमधले बाकीचे कापून झाले, हा राहिला. कापायच्या आधी तो मला द्यायला तयार आहे. फोटो पाहिले, मग जाऊन डबाही पाहून आलो. दाराजवळ आणि खिडक्यांच्या खाली पत्रा गंजला आहे, छप्पर बरं आहे, बाकडे जागेवर आहेत. चालकाचा कंट्रोलर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची हँडलची पेटी, आणि पायानं वाजवायची घंटासुद्धा आहे. विजेच्या मोटारी मात्र तांब्यासाठी आधीच निघून गेल्या. दोन्ही बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे गाडे, बाजूला पडल्या आहेत, त्यांचे पैसे तो वेगळे मागतो.

नोकरीच्या निमित्तानं माझी उमेदीची वर्षं कोलकात्यात गेली. बालीगंज ते टालीगंज ट्रामनं जायचो. बसनं लवकर पोचलो असतो, पण ट्राममध्ये पेपर वाचता यायचा आणि कंडक्टर ओळखीचे झाले होते. तिथे १८७३ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०२ मध्ये विजेची. २०२३ ला दीडशे वर्षं पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या परिवहन खात्यानं एस्प्लेनेड ते मैदान एवढा तुकडा ठेवून बाकी ट्राम बंद करायचं जाहीर केलं. तेव्हापासून मला चैन नाही. एक डबा जरी वाचवता आला तरी वाचवायचा, हे मनात पक्कं आहे.

घरचे विचारतात, नागपुरात ट्राम कधी नव्हती, मग आपल्या वावरात कशाला? मी म्हणतो, म्हणूनच. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. महाराष्ट्रात आज साठीच्या आतल्या माणसानं चालती ट्राम पाहिली ती फोटोत, नाहीतर कोलकात्याला जाऊन. आमच्या गावच्या पोट्ट्यांना तिच्यात बसता यावं, घंटा वाजवता यावी, पूर्वी शहरात लोक कसे जायचे ते हात लावून कळावं, एवढीच इच्छा आहे. तिकीट लावायचं नाही.

आता अडचणी सांगतो. जमीन नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यात आहे. सगळ्या धानाच्या बांधी, काळी भारी माती. गावरस्त्याला लागून एक उंचवट्याचा कोपरा आहे, तिथे धान होत नाही. डबा तिथे ठेवायचा विचार आहे. पैसे मोजके आहेत. या दिवाळीनंतर डबा आणून ताडपत्रीनं झाकून ठेवावा आणि पुढच्या वर्षी धान विकून शेड करावं, हे चालेल का? बोग्या घ्यायलाच हव्यात का, की नुसता सांगाडा विटांच्या ओट्यावर ठेवला तरी चालेल? आणि रूळ लागलेच तर ते कुठून आणायचे?

ज्यांनी असलं काही हातानं केलं आहे त्यांनी जरूर लिहा.

छोटी_लाईन_फिटर

भाऊ, वाचून लई बरं वाटलं. मी नागपुरात रेल्वेच्या मोतीबागच्या कारखान्यात कॅरेज फिटर होतो, सारी नोकरी छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, डब्यांवर झाली. नागपूर-छिंदवाडा २०१५ ला बंद झाली आणि नागपूर-नागभीड २०१९ ला. त्यानंतर आपल्या लाईनीच्या डब्यांचं काय काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो. कंटाळू नका.

पहिली गोष्ट आणि सर्वात महत्त्वाची. आधी शेड, मग डबा. दोन्हीला एकदम पैसा पुरत नसेल तर व्यापाऱ्याला इसार द्या, डबा वर्षभर तिथेच राहू द्या, पैसा शेडवर लावा. तो थांबायला तयार नसेल तर उसने घ्या, पण शेड आधी. ताडपत्रीचं नाव काढू नका. झाकलेल्या डब्याला आतून घाम सुटतो, वारा लागत नाही, आणि उघड्यावर चार वर्षांत होईल तेवढा गंज एका पावसाळ्यात चढतो. वरून वारा ताडपत्री फडफडवतो, दोरीखालचा रंग खरवडून निघतो, तिथून नवा गंज सुरू होतो.

डबा मरतो कसा ते सांगतो. लोक छप्पर पाहतात, पण डबा खालून मरतो. पाणी खिडकीच्या खाचेतून आत उतरतं, बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगानं खाली जातं आणि जिथे पत्रा खालच्या लांब बीमला मिळतो तिथे साचतं. त्या बीमला आम्ही सोलबार म्हणतो. तिथे धूळ, पानं, उंदरांची घरटी जमतात आणि ते सारं वर्षभर ओलं राहतं. बाहेरून रंग चांगला दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा होतो. तुम्ही म्हणता दाराजवळ आणि खिडक्यांखाली गंजला, म्हणजे हेच चालू आहे. घ्यायच्या आधी परत एकदा जा, टॉर्च आणि टोकदार हातोडी घेऊन खाली झोपा आणि सोलबार ठोकत ठोकत पाहा. बद्द आवाज आला तर तिथे लोखंड उरलं नाही. बाजूचा पत्रा बदलता येतो, सोलबार आणि बोल्स्टर, म्हणजे डबा बोगीवर टेकतो ते आडवे बीम, गेले असतील तर खर्च दुप्पट धरा.

बोग्या घ्याच. डब्याचं वजन दोन बोल्स्टरवर पेलायला बनवलेलं असतं, म्हणजे बोगीच्या मध्यावर जिथे डबा टेकतो तिथे. विटांच्या ओट्यावर अख्खा आडवा टेकवला की वजन भलत्या जागी जातं, फ्रेम वाकते, दारं लागत नाहीत, खिडक्या अडकतात. शिवाय जमिनीला टेकलेल्या लाकडात उधळी शिरते. बोग्यांवर उभा असला की खाली माणूस जाऊ शकतो, पाहू शकतो, रंग लावू शकतो, वारा खेळतो. आणि मनातलं सांगू का, चाकं नसलेल्या ट्रामला पोट्टे ट्राम म्हणणार नाहीत. बोग्यांचे पैसे नाही पुरले तर बाकी कशात काटकसर करा.

आता जमीन. तुमची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तिच्यावर रूळ टाकले तर दोन वर्षांत एक बाजू वर, एक खाली. मुरूम लागेपर्यंत काळी माती काढा. मुरूम फारच खोल असेल तर जेवढं जमेल तेवढं खोदून बाहेरचा मुरूम थराथरानं भरा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर गिट्टी, गिट्टीवर स्लीपर. ओटा बांधीतल्या पाण्याच्या वर हातभर तरी असावा आणि चारी बाजूंनी नाली काढून पाणी उताराकडे द्यावं. धानाच्या बांधीत महिनोन्महिने पाणी उभं असतं, ती ओल दुरून वर येते.

रुळांचं गणित नीट ऐका. कोलकात्याच्या ट्रामच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर आहे. आपली मोठी लाईन १६७६ ची आणि छोटी लाईन ७६२ ची. म्हणून रेल्वेचे सिमेंटचे स्लीपर तुमच्या कामाचे नाहीत, त्यांतले रूळ धरणारे लोखंडी इन्सर्ट ओतकामातच मोठ्या लाईनीच्या मापानं बसवलेले असतात. लाकडी स्लीपर शोधा, त्यांना हवं तिथे भोक पाडता येतं. नागपुरात १४३५ वर चालते ती फक्त मेट्रो. डब्याच्या लांबीपेक्षा थोडा जास्त ट्रॅक लागेल. रूळ हलके, जुने चालतील, डबा चालायचा नाही, उभाच राहायचा आहे. दोन्ही टोकांना स्टॉपर आणि चाकांना लाकडी गुटके मात्र लावा. पोट्टे ढकलून पाहतीलच.

पण रूळ पावतीशिवाय घेऊ नका. कोणी स्वस्तात आणून टाकतो म्हणाला तर हाकलून द्या. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ आहे. रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला आणि शंका आली, तर तो रीतसर घेतला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. लिलावातून घेतलेल्याची बिलाची साखळी असेल तरच घ्या आणि झेरॉक्स घरात जपून ठेवा.

दिशा. कोलकात्याची ट्राम एकाच तोंडाची असते, टोकाला गोल फिरून परत येते, म्हणून दारं डाव्या बाजूलाच. डबा पूर्व-पश्चिम ठेवा, तोंड पूर्वेला. मग दारं उत्तरेला येतात, तिथे सावली. आपल्याकडची उन्हाळ्याची दुपार आणि वादळी पाऊस दोन्ही पश्चिमेकडून मारा करतात, तो मारा मागच्या अरुंद तोंडावर येईल, लांब बाजूवर नाही. पश्चिमेला शेडचा पत्रा खालपर्यंत आणा. बाकी बाजू उघड्या, पण छपराचा पाखा चांगला पुढे.

रंगाचं आणि आतल्या वस्तूंचं नंतर लिहितो, आता डोळे दुखून राहिले.

लोबेड_वाडी

फिटर काका, दंडवत. मी ट्रेलरच्या धंद्यात आहे, वाडीला ऑफिस. वाहतुकीचं मी सांगतो.

जुना सहा नंबर हायवे धरा. खरगपूर, संबलपूर, रायपूर, भंडारा, मग मौदा. साधारण अकराशे किलोमीटर, पाच राज्यं. तुमचं गाव नागपूरच्या अलीकडे पडतं, म्हणजे शहरात शिरायचं कामच नाही, हे फार चांगलं झालं.

डबा आणि बोग्या वेगवेगळ्या गाड्यांवर आणायच्या. बोग्या साध्या ट्रकवर, डबा लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर. रुंदीचा त्रास नाही होणार, त्रास उंचीचा आणि लांबीचा. छपरावरचा ट्रॉलीचा दांडा, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा, आणि त्याचा पाट यार्डातच काढा, नंबर टाकून आत ठेवा. लो-बेडची उंची अधिक डब्याची उंची, हे माप फुटपट्टीनं घेतल्याशिवाय कोणाशी भाडं ठरवू नका. माप नियमाच्या बाहेर गेलं तर ओव्हरडायमेन्शनची परवानगी लागते. ई-वे बिल व्यापाऱ्याकडून काढून घ्या. एरवी एका दिवसाला दोनशे किलोमीटर धरतात, पण ओव्हरडायमेन्शन मालाला वीसच किलोमीटर धरतात. मुदत त्या हिशेबानं पाहा.

वावर हायवेच्या कोणत्या बाजूला आहे? थारसा-चाचेरकडे असेल तर हावड्याची रेल्वेलाईन ओलांडावी लागेल का ते पाहा. फाटकाला हाईट गेज, म्हणजे उंच गाडी अडवणारी कमान, असतं. दक्षिणेला असेल तर ती चिंता नाही. मग गावातल्या विजेच्या तारा राहिल्या. सर्वात खाली लोंबणारी तार कोणती ते आधी पाहून ठेवा आणि महावितरणला अर्ज द्या, त्या वेळेपुरती लाईन बंद करून मिळते. काठीनं तार उचलायचा प्रकार कोणालाही करू देऊ नका.

दिवाळीनंतर, धान निघाल्यावर, जमीन कडक झाली की आणा. उतरवायला हायड्रा, म्हणजे छोटी चालती क्रेन, बोग्यांपुरता ठीक. डब्याला दोन क्रेन, दोन्ही बोल्स्टरखालून रुंद पट्टे, आणि वर आडवा बीम, म्हणजे पट्टे बाजूचा पत्रा दाबणार नाहीत. उचलायच्या आधी दारांच्या चौकटीत लाकडी आडवे-तिरपे टेकू ठोका.

सातबारा_ताई

महसूल खात्यात होते, आता निवृत्त. कागदाचं थोडक्यात सांगते.

आरटीओची काळजी नको. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये रुळांवर चालणारं वाहन मोटार वाहनाच्या व्याख्येतूनच वगळलं आहे. नोंदणी नाही, विमा नाही, पासिंग नाही. पुरावशेषाचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंना लागतो. तुमचा डबा पोलादी बांधणीचा, त्यापेक्षा बराच अलीकडचा दिसतो. तरी बिलावर डब्याचा नंबर लिहून घ्या. "भंगार लोखंड, अमुक टन" एवढंच लिहिलेलं बिल उद्या कोणाला काहीच सांगणार नाही.

जमिनीचं मात्र नीट पाहा. सातबारा एकट्याच्या नावावर आहे की सामाईक? भाऊ-बहीण असतील तर त्यांची लेखी संमती आधी. शेड हे बांधकाम आहे, म्हणून ग्रामपंचायतीत आणि तहसीलला विचारून, लेखी उत्तर घेऊनच खड्डा खोदा. तिकीट नाही, धंदा नाही, हे तुमच्या बाजूनं आहे. उद्या तिथे खानावळ किंवा पिकनिक स्पॉट केलात तर अकृषिक वापराचा प्रश्न उभा राहील.

आणि एक, जे कोणी लिहीत नाही. तुमच्यानंतर या डब्याचं काय, हे आत्ताच लिहून ठेवा. मृत्युपत्रात ट्रामचा वेगळा उल्लेख करा, कोणाला द्यायची, त्याला नको असेल तर कोणाला विचारायचं. खासगी जागेतल्या अशा वस्तू मालक गेल्यावर महिनाभरात भंगारात जातात. मुलांचा दोष नसतो, त्यांना वडिलांच्या मनात काय होतं हेच माहीत नसतं. आणि डबा बाहेर काढायचा रस्ता कायम मोकळा ठेवा. शेडसमोर सागवान किंवा आंबा लावू नका.

सीताबर्डी_खवय्या

कल्पना फार आवडली. एक सुचवू? नागपूर स्टेशनवर जुन्या डब्यात रेस्टॉरंट आहे, लोक कुटुंबासह जातात. तसं काही केलं तर देखभालीचा खर्च त्यातूनच निघेल. हायवेपासून जवळ आहात, गिऱ्हाईक येईल.

छोटी_लाईन_फिटर

खवय्या भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझं मत साफ विरुद्ध आहे. स्टेशनवरचा डबा ज्या जातीचा आहे तसे देशात हजारो आहेत, त्याला कापून टेबलं बसवली तरी काही बुडत नाही. ट्रामचा डबा महाराष्ट्रात आता आपण बोटांवर मोजू. हॉटेल म्हटलं की एसी येतो, एसीसाठी खिडक्या बंद होतात, बाकडे निघतात, कंट्रोलरच्या जागी काउंटर येतो. फोडणीची वाफ आणि तेल छताला चिकटतं आणि मागच्या बाजूनं गंजवतं. खर्च निघेल, पण ट्राम उरणार नाही. खर्चासाठी बाजूला वेगळं काही करा, डब्यात नाही.

धानवाला भाऊ, राहिलेलं लिहितो.

जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. ओलं करून पॉलिश पेपरनं घासा, तोंडाला चांगला मास्क, खाली प्लास्टिक अंथरा. निघालेला चोथा बांधीत किंवा विहिरीजवळ जाऊ देऊ नका. हे काम चालू असताना पोट्ट्यांना जवळ फिरकू द्यायचं नाही. कंट्रोलरच्या आत ठिणगी अडवायचे जे पडदे असतात आणि रेझिस्टन्सच्या आजूबाजूला ज्या राखाडी पाट्या असतात, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना फोडू नका, भोक पाडू नका, झाडूही मारू नका. आहेत तशा राहू द्या, कंट्रोलरचं झाकण बंद करून कुलूप लावा. हँडल बाहेरून फिरतं ना, पोट्ट्यांना तेवढंच पाहिजे.

रंग काढताना घाई नको. एका कोपऱ्यात, हातभर जागेत, एकेक थर हळू काढत जा. खाली आधीचे रंग, आधीची अक्षरं निघतील. तो तुकडा तसाच ठेवा, वर नवा रंग चढवू नका. कोणता रंग कधी होता याचा तोच एक पुरावा. गंजावर आधी वायर ब्रश, मग झिंक फॉस्फेटचा प्रायमर, दोन हात, त्यावर इनॅमल. सोलबारच्या आतली पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा, लोक रंग लावताना नेमकी तीच बुजवतात.

काहीही उघडायच्या आधी फोटो. प्रत्येक स्क्रू पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. जुनी पाटी, तुटका दिवा, बंगालीत लिहिलेली सूचना, काहीही फेकू नका. सूचना मराठीत करून लावायची असेल तर बाजूला वेगळी लावा, मूळची झाकू नका.

आतमध्ये उजेड पाहिजे असेल तर १२ व्होल्टचे एलईडी, छोटं सोलर पॅनेल शेडच्या पत्र्यावर, आणि नवी वायर वेगळी टाका. ट्राम ५५० व्होल्ट डीसीवर चालायची, त्या जुन्या वायरिंगला काहीही जोडू नका.

धानवाला_मौदा

काका, ताई, लोबेड भाऊ, तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलं ते मी प्रिंट काढून घरच्यांना वाचून दाखवलं. माझा निर्णय बदलला आहे. यंदा धानाचे पैसे येतील ते जमीन आणि शेडला. डबा पुढच्या दिवाळीनंतर. व्यापाऱ्याशी बोलणं झालं, इसार घेऊन थांबायला तयार आहे, त्याच्या यार्डात पत्र्याखाली सरकवून ठेवतो म्हणाला. बोग्या घेतो आहे. त्यासाठी जुना ट्रॅक्टर विकतो.

वावर हायवेच्या दक्षिणेला आहे, रेल्वेलाईन मध्ये येत नाही. सातबारा मी आणि बहिणीच्या नावावर सामाईक आहे. ती वर्ध्याला असते. तिला फोन केला तर म्हणाली, संमती देते, पण एका बाकड्यावर आईबाबांचं नाव लावायचं. मी तिला सांगितलं की बाकड्यावर खिळा मारता येणार नाही, शेडच्या खांबावर लावू. ती तयार आहे. मृत्युपत्राचं मी भाचीशी बोललो. ती आर्किटेक्ट आहे, शेडचा नकाशा तीच काढणार, आणि डबा पुढे सांभाळायची तयारीही तिनंच दाखवली.

खवय्या भाऊ, राग मानू नका, हॉटेल नाही करायचं. शाळेच्या सहली आल्या तर बांधावर बसून डबे खातील.

काका, दोन शंका राहिल्या. शेडला लोखंडी पाईप वापरू की सागाचे खांब? आणि रूळ शेडच्या बाहेर थोडे काढून ठेवू का, म्हणजे कधी डबा उन्हात ढकलून फोटो काढता येतील, साफसफाई करता येईल?

छोटी_लाईन_फिटर

पाईपच घ्या. सागाचा खांब जमिनीत पुरला की जमिनीलगत कुजतो, आणि तुमच्याकडे ओल भरपूर. पाईपचा पाय सिमेंटच्या ठोकळ्यावर, जमिनीच्या वर, नट-बोल्टनं. दोन खांबांमधलं अंतर डब्याच्या दारासमोर येणार नाही असं भाचीला आत्ताच सांगा. आणि बाजूनं माणूस शिडी लावून उभा राहील एवढी जागा सोडा, नाहीतर रंग लावताना हाल होतात.

रूळ बाहेर काढा, नक्की काढा, पण पूर्वेकडे. जमीन अगदी पाणसळीत ठेवा. थोडाही उतार राहिला तर एवढा डबा दोन माणसांच्या हातात राहायचा नाही. ढकलायचा तेव्हा गुटका घेतलेला माणूस दोन्ही बाजूंना पाहिजे.

सोलबार ठोकून पाहिला का ते सांगितलं नाही. व्यापाऱ्याला इसार द्यायच्या आधी तेवढं करून या. आणि जाल तेव्हा चाकाच्या कडेचा, म्हणजे फ्लँजचा, जवळून फोटो काढा, बाजूला फुटपट्टी धरून. ट्रामची फ्लँज रेल्वेपेक्षा लहान असते. ते माप कळलं की रुळाचे जोड आणि स्टॉपर कसे ठेवायचे ते मी कागदावर काढून देतो. मुरुमाचं काम सुरू झालं की कळवा, एक दिवस येऊन लेव्हल पाहून जाईन.